रिंकोनाडा कॅन्यन पायवाट

रिंकोनाडा कॅन्यन ही अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या पश्चिम कडेला असलेली वाळवंटी पायवाट आहे. जाऊन-येऊन २.२ मैल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर चालताना काळ्या बेसाल्ट खडकांवरची जवळपास ३०० प्राचीन खोदचित्रे दिसतात. ही वाट पेट्रोग्लिफ राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. चढ जेमतेम असल्यामुळे ती सोपी गणली जाते. मात्र पायाखाली बहुतेक ठिकाणी भुसभुशीत वाळू असते, सावली जवळजवळ नसते आणि वाटेत पाणी अजिबात मिळत नाही.

स्मारकाची स्थापना जून १९९० मध्ये झाली. क्षेत्र सुमारे ७,२०० एकर असून व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवा आणि अल्बुकर्की नगर प्रशासन मिळून पाहतात. वेस्ट मेसा या पठाराच्या पूर्व कडेने सतरा मैल, म्हणजे सत्तावीसेक किलोमीटर लांब कडा धावतो. या कड्याच्या उतारावर वीस हजारांहून अधिक खोदचित्रे असल्याचा अंदाज आहे. रिंकोनाडा हा त्याच कड्याला पडलेला, तीन बाजूंनी वेढलेला खोलगट कोपरा आहे.

खडक आणि त्याची त्वचा

रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यात पृथ्वीचे कवच ताणले जाऊन फाटत आले आहे. अशाच एका लांब भेगेतून सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी लाव्हा बाहेर पडला आणि वाळू-गाळाच्या मऊ थरांवर पसरून थिजला. भेगेवर ओळीने उभे राहिलेले ज्वालामुखीचे शंकू पठारावर आजही दिसतात. पुढे लाव्ह्याखालचा मऊ गाळ वारा-पाण्याने झिजत गेला, वरच्या बेसाल्टचा आधार सुटला आणि त्याचे मोठमोठे तुकडे उतारावर कोसळले. पायवाटेवरून दिसणारा दगडांचा ढीग तो हाच. खडक सह्याद्रीच्याच जातीचा, म्हणजे बेसाल्ट. वय मात्र सह्याद्रीच्या मानाने अगदी कोवळे.

बेसाल्टचा आतला रंग राखाडी असतो. बाहेरून तो काळा-तपकिरी, किंचित चकाकणारा दिसतो तो डेझर्ट व्हार्निश या लेपामुळे. वाऱ्याने आणलेली बारीक माती आणि तिच्यातली मँगनीज व लोहाची ऑक्साइडे हजारो वर्षे साचत जाऊन हा लेप तयार होतो. त्याची जाडी बहुधा ०.२ मिलिमीटरच्या आतच असते. खोदचित्रे दिसतात ती या लेपामुळे: ठोका मारला की लेप उडतो, खालचा फिकट दगड उघडा पडतो आणि काळ्यावर करडी रेघ उमटते. चित्राचे अस्तित्व मुख्यतः रंगाच्या फरकावर आहे, खोलीवर नाही. पायवाटेचे जवळजवळ सगळे नियम यातूनच आलेले आहेत.

कोरण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत कठीण दगड हातात धरून थेट ठोके देत. त्याने ठिपके मोठे आणि रेघेच्या कडा ओबडधोबड येतात. दुसरीत एक अणकुचीदार दगड टाकीसारखा टेकवून त्यावर दुसऱ्या दगडाने ठोकत. यात ठिपका नेमका बसतो, वळणे आणि डोळे-बोटांसारखे बारकावे साधतात. दुर्बिणीतून रेघ पाहिली तर ती सलग नसून शेकडो ठिपक्यांची असल्याचे कळते.

कोणी आणि केव्हा कोरली

बहुतेक खोदचित्रे आजच्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांची असून ती साधारण इ.स. १३०० ते १६८० या काळातली मानली जातात. त्या सुमारास रिओ ग्रँडच्या काठाने मातीच्या भिंतींची मोठी गावे वसली होती. काही चित्रे याहून कितीतरी जुनी, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत. ती बहुधा वर्तुळे, नागमोडी रेघा, जाळ्या अशी अमूर्त असतात, आणि त्यांच्यावर लेप पुन्हा चढू लागल्यामुळे इतकी काळवंडलेली असतात की नजरेतून सहज निसटतात. एकाच दगडावर उजळ आणि काळवंडलेली चित्रे शेजारी असतील, तर उजळ चित्र नंतरचे असे सहसा धरता येते. लेप चढण्याचा वेग ऊन, उतार आणि ओलाव्यानुसार बदलतो, त्यामुळे दोन वेगळ्या दगडांची अशी तुलना मात्र फसवी ठरते.

१५४० मध्ये कोरोनाडोची स्पॅनिश मोहीम या खोऱ्यात आली, १५९८ मध्ये स्पॅनिश वसाहत सुरू झाली आणि १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी एकजुटीने उठाव केला. त्यानंतरच्या काळात या उतारावर मेंढ्या चारणाऱ्या स्पॅनिश वसाहतकऱ्यांनी ख्रिस्ती क्रूस आणि गुरांवर डागण्याच्या खुणा कोरल्या. त्याही आता इतिहासाचा भाग आहेत आणि त्यांनाही तेच संरक्षण आहे.

चित्रांत हातांचे ठसे, पक्षी, साप, चार पायांचे प्राणी, सर्पिले, चार टोकांचे तारे, मुखवट्यासारखे चेहरे आणि माणसांच्या आकृत्या दिसतात. स्मारकात मकाव पोपटाचीही चित्रे आहेत. मकाव या प्रदेशाचा पक्षी नाही. तो आणि त्याची पिसे दक्षिणेकडून, आजच्या मेक्सिकोतून व्यापाराने येत असत. दगडावरचा पोपट हा त्या लांब पल्ल्याच्या देवघेवीचा पुरावा आहे.

अर्थाबद्दल संयम हवा. प्वेब्लो समाजांसाठी हा कडा आणि मागचे ज्वालामुखी मिळून एक जिवंत, पवित्र भूप्रदेश आहे. काही चिन्हांचे अर्थ विशिष्ट कुळांपुरते किंवा विधींपुरते असतात आणि ते बाहेर सांगितले जात नाहीत. ‘हा सूर्यदेव’, ‘हा नकाशा’, ‘हा परग्रहवासी’ असे छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. आकृती काय दिसते ते सांगता येते. ती कशासाठी होती हे बहुतेक वेळा तिच्या वारसांनीच सांगायचे असते, आणि न सांगण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

पोहोचणे

आंतरराज्य महामार्ग ४० वरून अन्सर बुलेव्हार्डच्या फाट्याला (क्रमांक १५४) उतरून उत्तरेकडे सुमारे दोन मैल गेल्यावर डाव्या हाताला रिंकोनाडाचे वाहनतळ लागते. आणखी एक मैल पुढे वेस्टर्न ट्रेलच्या चौकात माहिती केंद्र आहे. पुष्कळ जण थेट माहिती केंद्रावर जातात आणि वाट तिथूनच सुरू होते असे समजतात. तिथे खोदचित्रांची वाट नाही. तरी आधी तिथे थांबणे फायद्याचे: नकाशा मिळतो, बाटल्या भरता येतात आणि त्या दिवशीच्या हवामानाबद्दल रेंजरला विचारता येते. रिंकोनाडाला प्रवेशशुल्क नाही. वाहनतळाचे फाटक संध्याकाळी बंद होते, त्यामुळे फलकावरची वेळ पाहूनच निघावे. गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात. बॅगा, पासपोर्ट, लॅपटॉप गाडीत ठेवू नयेत, डिकीत हलवायचे असतील तर इथे येण्याआधीच हलवावेत.

वाट

वाहनतळापासून वाट कॅन्यनच्या उत्तरेकडच्या उताराच्या पायथ्याने पश्चिमेला जाते. उतार उजव्या हाताला राहतो आणि जाताना जवळजवळ सगळी खोदचित्रे याच बाजूला दिसतात. सुरुवातीच्या टप्प्यात काहीच दिसत नाही म्हणून अनेक जण निराश होतात आणि वेग वाढवतात. इथेच चूक होते. डोळा सरावायला वेळ लागतो. एका जागी उभे राहून उतार खालून वर, दगडामागून दगड असा सावकाश पाहावा. नदीकडे किंवा वाटेकडे तोंड केलेले मोठे, सपाट, काळेभोर पृष्ठ आधी शोधावे. एक चित्र सापडले की त्याच्या आसपास आणखी असतातच. पुढे जाऊन मागे वळूनही पाहावे, कारण काही पृष्ठे फक्त परतीच्या दिशेने दिसतात.

कॅन्यनच्या आतल्या टोकाकडे चित्रे दाट होत जातात. टोकाला पोहोचल्यावर वाट वळते आणि कॅन्यनच्या मधल्या मोकळ्या वाळवंटातून परत येते. या परतीच्या भागात खोदचित्रे नाहीत, पण वनस्पती आणि प्राणी इथेच जास्त दिसतात: सेजची झुडपे, सॉल्टबुश, सरडे, रोडरनर पक्षी, आणि पावसानंतर वाळूवर निघालेले लांब तपकिरी वाळवंटी पैसा किडे. न थांबता चालल्यास तास-सव्वा तास लागतो. चित्रे नीट पाहायची तर दोन तास धरावेत.

वाळूमुळे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी इथे चालत नाही. ज्यांना दोन मैल जमणार नाहीत त्यांनी उत्तरेकडच्या बोका नेग्रा कॅन्यनला जावे. तिथे मकाव आणि क्लिफ बेस या अगदी छोट्या वाटा आहेत आणि चित्रे हाताच्या अंतरावर येतात. तिथलीच मेसा पॉइंट वाट मात्र दगडांतून चढते. तिथे नगर प्रशासन गाडीमागे नाममात्र शुल्क घेते. पिएद्रास मार्कादास ही तिसरी वाट घरांच्या वस्तीमागून सुरू होते, दीड मैलाची आहे आणि चित्रांच्या दाटीत रिंकोनाडाहूनही सरस आहे. तरीही पहिल्या भेटीसाठी रिंकोनाडाच योग्य, कारण शहराचा आवाज इथे सर्वांत लवकर मागे पडतो आणि कड्याची रचना एका नजरेत येते.

केव्हा जावे, काय न्यावे

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला. उत्तरेकडचा उतार दक्षिणाभिमुख असल्यामुळे हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळते, पण सकाळी तापमान शून्याखाली असू शकते. मार्च ते मे दरम्यान जोरदार वारे वाळू उडवतात. गॉगल आणि नाक-तोंड झाकायला रुमाल हवा. जून-जुलैत पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि काळे दगड उष्णता परत फेकतात, तेव्हा फाटक उघडताच निघून अकराच्या आत परतावे.

इथे वर्षाला सुमारे २३० मिलिमीटरच पाऊस पडतो, पण त्याचा मोठा वाटा जुलै ते सप्टेंबरच्या दुपारच्या वादळांत येतो. त्या महिन्यांना इथेही मान्सूनच म्हणतात. वीज हा खरा धोका आहे, कारण उघड्या कॅन्यनमध्ये आसरा नाही. पश्चिमेला ढग उभे राहू लागले किंवा गडगडाट ऐकू आला तर टोक गाठण्याचा हट्ट सोडून लगेच वळावे. कोरड्या नाल्यात थांबू नये. पाऊस दुसरीकडे पडला तरी पाणी तिथून येते.

पाणी हिवाळ्यात माणशी किमान एक लिटर, उन्हाळ्यात दोन लिटर. वाहनतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर आहे, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकी. मुंबई-कोकणातून थेट आलेल्याला थोडी धाप लागते, घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा जाणवते. म्हणून ठरवून दर वीस मिनिटांनी घोट घ्यावा. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि बंद बूट हवेत. सँडलमध्ये वाळू आणि गोखरूसारखे तीक्ष्ण काटे शिरतात. रॅटलस्नेक हे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप दगडांच्या फटीत आणि झुडपांच्या सावलीत असतात. वाटेवर राहणाऱ्याला ते सहसा त्रास देत नाहीत. खुळखुळ्याचा आवाज आला तर आधी थांबावे, साप कुठे आहे ते पाहावे आणि मग मागे सरावे.

आठ पट वाढवणारी दुर्बीण हे इथले सर्वांत उपयोगी साधन आहे. छायाचित्रासाठी भर दुपारचे ऊन वाईट, कारण लेप चकाकतो आणि करडी रेघ त्यात विरघळते. ढगाळ हवा किंवा दगडावर स्वतःची सावली पडलेली वेळ उत्तम. पोलरायझिंग फिल्टरने चकाकी कमी होते. ड्रोनला बंदी आहे.

नुकसान कसे होते

उतारावर चढणे निषिद्ध आहे. दगड नुसते एकमेकांवर टेकलेले असल्याने पावलाने हलतात, एकमेकांवर घासतात आणि लेप खरवडला जातो. खाली उभ्या असलेल्यालाही धोका होतो. चित्राला हात लावल्यास त्वचेचे तेल लेपावर बसते, आणि हजारो हातांनी रंगातला तो नाजूक फरक पुसट होतो. चित्र ठळक दिसावे म्हणून खडूने गिरवणे, पाणी शिंपडणे, कागद ठेवून ठसा घेणे हे सगळे त्याहून घातक: खडूचे कण दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि पुढच्या संशोधकाला मूळ रेघ कोणती हे सांगता येत नाही. कोकणच्या सड्यावरची कातळशिल्पे जांभ्यात खोल कोरलेली असतात. इथे खोलीचा तो आधार नाही.

स्मारक होण्याआधी या कॅन्यनमध्ये बंदुकीचा सराव चालत असे. काही दगडांवर गोळ्यांचे गोल, फिकट घाव आजही आहेत आणि नवखे लोक त्यांना खोदचित्रे समजतात. गोळीच्या घावाभोवती ताऱ्यासारखे तडे असतात आणि ते कुठेही विखुरलेले दिसतात. आधुनिक खरडही ओळखता येते: धातूने ओढलेली सलग, बारीक, पांढरट रेघ, बहुधा अक्षरे किंवा तारखा.

सर्वांत मोठा घाव मात्र रस्त्यांचा आहे. शहर पश्चिमेला वाढत गेले तसे कड्यातून रस्ते नेण्याचे प्रस्ताव आले. प्वेब्लो समाजांच्या ठाम विरोधानंतरही १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पासेओ देल नॉर्ते हा रस्ता वाढवण्यासाठी सुमारे साडेआठ एकरांची पट्टी स्मारकातून वगळली, आणि पुढे त्या पट्टीतून रस्ता बांधला गेला.

खोदचित्रे विद्रूप करणे किंवा दगड उचलून नेणे १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्याखाली संघीय गुन्हा आहे. नवी खरड किंवा हललेला दगड दिसल्यास स्वतः पुसायला जाऊ नये. वाटेवरूनच छायाचित्र घ्यावे, जवळच्या खुणेच्या खांबाचा क्रमांक किंवा फोनवरील स्थान टिपून घ्यावे आणि माहिती केंद्रात कळवावे. पाण्याने किंवा ब्रशने केलेली घरगुती सफाई खरडीबरोबर मूळ लेपही काढून टाकते.