सातपुड्याच्या पायथ्याचे ओढे आणि खोलीकरणाचा वाद : पार्श्वभूमी

सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती या नद्या डोंगर सोडताच दगडगोटे आणि वाळू साचून बनलेल्या पायथ्याच्या पट्ट्यात, म्हणजे बझाडात, शिरतात. पूर ओसरला की वरच्या अंगाला वाहणारे पाणी येथे पात्रातच दिसेनासे होते आणि पुढे रावेर-यावलच्या केळीबागांसारख्या खालच्या शेतांतल्या विहिरींना मिळते. पायथ्यालगतच्या भ्रंशामुळे (खडकातील मोठ्या भेगेमुळे) दक्षिणेकडची जमीन खचली व तो खळगा गाळाने भरला, म्हणून हा साठा एवढा खोल आहे. तापीच्या दक्षिणेला पांझरा नदीवरचे फड, म्हणजे गावाने मिळून भिजवायचे शेतीचे पट्टे, वाहते पाणी बंधाऱ्याने वळवून वापरत. उत्तरेकडच्या शेतीचा भार मात्र मुरलेल्या पाण्यावर राहिला आणि विजेचे पंप व कूपनलिका आल्यावर उपसा मुरण्याच्या पुढे गेला.

शिरपूर तालुक्यात २००४च्या सुमारास नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधण्याचे काम सुरू झाले. तेथे उघड्या काठावर थर स्पष्ट दिसतात: वर काळी माती, मग पाणी खाली न जाऊ देणारी पिवळी चिकणमाती, तिच्याखाली वाळू. चिकणमातीचा थर काढला तरच पाणी वाळूपर्यंत पोहोचते, हे त्या खोलीचे कारण होते. डिसेंबर २०१४ पासून राज्यभर जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, तेव्हा शासकीय निर्देशांनी ही खोली ३ मीटरपर्यंत मर्यादित ठेवली. मर्यादेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की अतिखोल नाला शेजारच्या विहिरींचे पाणी ओढून घेतो, वरच्या गावात अडवलेले पाणी खालच्या गावाला मिळत नाही आणि माथ्यावरची माती अडवण्याचे काम मागे पडते. हे आक्षेप काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पुष्कळ अंशी खरे आहेत. पण वाळूपर्यंत न पोहोचलेला खड्डा तापीच्या गाळपट्ट्यात केवळ तळे ठरतो, याकडे त्या वादात फारच कमी लक्ष दिले गेले. खोल खोदाईच्या समर्थकांनीही साक्री किंवा धडगावच्या खडकाळ नाल्यांना शिरपूरचेच माप लावण्याचा आग्रह धरला, तोही तितकाच चुकीचा होता.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेशाने तापीचे पुराचे पाणी कालव्यांतून नेऊन भूजल पुनर्भरण करण्याच्या प्रकल्पाचा करार केला. पुराचे पाणी गढूळ असते आणि त्यातील बारीक गाळ वाळूची छिद्रे बुजवतो. त्यामुळे दरवर्षी गाळ कोण काढणार, हा खोल केलेल्या नाल्यांवर मागे पडलेला प्रश्न तेथे आराखड्यातच सोडवावा लागेल.