सार्वजनिक सायकल योजना: सायकली घेण्याआधी वाचायचे माहितीपत्रक
(नगरपालिका, महापालिका, शिक्षणसंस्था आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांसाठी)

शहरात सार्वजनिक सायकली आणायच्या असे ठरत आले की आमच्याकडे पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: सायकल कोणती घ्यायची? आम्ही नाशिकची छोटी सल्लागार फर्म आहोत. सायकली विकत नाही, विकणाऱ्याकडून कमिशनही घेत नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आम्ही सगळ्यात शेवटी देतो. आधी विचारतो ते हे: स्टँड एकमेकांपासून किती अंतरावर असतील, आणि बिघडलेली सायकल त्याच दिवशी कोण उचलणार?

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल आठवत असेल. गल्लीच्या तोंडाशी दुकान, वहीत नाव आणि वेळ, ओळखीच्या कुणाची तरी हमी. सायकल परत आली की दुकानदार आधी चाक फिरवून बघायचा, ब्रेक दाबायचा, मगच पैसे घ्यायचा. सार्वजनिक सायकल म्हणजे तेच दुकान, फक्त इथे घेतलेली सायकल तिथे सोडता येते. वहीचे काम आता अ‍ॅप करते, हमीचे काम अनामत किंवा यूपीआय. चाक फिरवून बघणाऱ्या माणसाचे काम मात्र आजही माणसालाच करावे लागते, आणि ते काम निविदेत नीट लिहिलेले नसले की योजना बंद पडते.

आजवर काय घडले

१९६५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नाही, भाडे नाही, कोणीही घ्या. पोलिसांनी सायकली उचलल्या आणि तो प्रयोग तिथेच थांबला. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणे टाकून सुटणारी सायकल आणली, पण नाणे कोणी टाकले हे कळत नसल्याने सायकल परत येईलच याची खात्री नव्हती. फ्रान्समधल्या रेन शहरात १९९८ मध्ये कार्ड आले आणि सायकल कोणाकडे आहे हे पहिल्यांदा कळू लागले. पुढे २००५ मध्ये लियाँ, जुलै २००७ मध्ये पॅरिस, २००८ मध्ये चीनमधले हांगझौ, आणि मग जगभर.

आपल्याकडे जून २०१७ मध्ये म्हैसूर आणि भोपाळ या दोन शहरांनी स्टँडवाल्या योजना सुरू केल्या. म्हैसूरच्या सुमारे ४५० सायकली होत्या, भोपाळच्या ५००. पुण्यात त्याच वर्षाच्या अखेरीस स्टँड नसलेल्या, कुठेही सोडता येणाऱ्या सायकली आल्या आणि फार काळ टिकल्या नाहीत. नाशिकमध्येही स्मार्ट सिटीच्या काळात सार्वजनिक सायकली आल्या होत्या. आज त्या दिसत नाहीत. म्हणून पुन्हा कोणी विषय काढला की सभागृहात कोणीतरी म्हणतेच, "आपल्याकडे हे चालत नाही." आम्हाला हे पटत नाही. या शहरातून सायकलवर पंढरपूरची वारी जाते. २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू इथलेच. सायकलची आवड नाशिकला शिकवायची गरज नाही. प्रश्न मांडणीचा आहे.

प्रत्येक प्रभागात एक स्टँड: ही चूक करू नका

या पत्रकातला हा भाग तरी कृपया पूर्ण वाचा.

नाशिक महापालिकेचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. समजा, १०० स्टँड मंजूर झाले आणि ते सगळ्या शहरात सारखे वाटले. म्हणजे अडीच चौरस किलोमीटरहून जास्त भागाला एक स्टँड, आणि एका स्टँडपासून दुसरा साधारण दीड किलोमीटरवर. सायकल घ्यायला दहा मिनिटे चालायचे आणि सोडल्यावर पुन्हा दहा मिनिटे चालायचे, असे कोणी करत नाही. माणूस पहिल्या चौकात शेअर रिक्षात बसतो.

आता तेच १०० स्टँड १० चौरस किलोमीटरमध्ये बसवा. दोन स्टँडमधले अंतर ३०० मीटरच्या आसपास येते. दाराबाहेर पडल्यावर दोन-तीन मिनिटांत सायकल, उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत काम. पैसे तेवढेच, पण ही योजना वापरली जाते. शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या आयटीडीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक शहरांच्या अनुभवावरून जे ठोकताळे काढले, तेही हेच सांगतात: योजनेचा भाग किमान १० चौरस किलोमीटरचा, एका चौरस किलोमीटरला १० ते १६ स्टँड, त्या भागातल्या दर हजार रहिवाशांमागे १० ते ३० सायकली, आणि एका सायकलीमागे दोन ते अडीच कुलपाच्या जागा. जागा जास्त लागतात, कारण सायकल सोडायला आलेल्या माणसाला स्टँड भरलेला दिसला तर तो पुन्हा येत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. आमच्या सुरुवातीच्या एका कामात, एका छोट्या शहरात, प्रत्येक प्रभागाला एक स्टँड द्या हा आग्रह आम्ही मान्य केला. सगळे खूश होते, उद्घाटन छान झाले. पावसाळा संपेपर्यंत अर्ध्या स्टँडवरच्या सायकली जागच्या हललेल्या नव्हत्या, सीटवर धूळ बसली होती. ती चूक आमची होती, आणि तेव्हापासून असा नकाशा आम्ही सहीसाठी पुढे ठेवत नाही. आपल्या नगरसेवकांना हे समजावून सांगायचे असेल तर त्या बैठकीला आम्ही स्वतः येतो. दुसरा टप्पा कोणत्या भागात आणि केव्हा, हे पहिल्याच दिवशी लेखी दिले की विरोध बराच कमी होतो, असा अनुभव आहे.

नाशिकचे उदाहरण

सिन्नर, दिंडोरी, निफाडकडून रोज मुले-मुली एसटीने सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरतात आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे जातात. अंतर दीड-दोन किलोमीटर: चालायला लांब, रिक्षाला रोजचे महाग. सायकलसाठी यापेक्षा चांगले अंतर नाही. म्हणून सीबीएस, मेळा स्थानक, शालिमार, अशोक स्तंभ, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा शहराकडचा भाग असा सलग पट्टा आम्ही पहिला घेऊ. सिटीलिंक या शहर बससेवेच्या थांब्यांजवळच स्टँड असावेत, थांब्यापासून रस्ता ओलांडावा लागू नये.

नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस हा पल्ला बसचा आहे, सायकलचा नाही. नाशिकरोडला पुढे कधी स्वतंत्र पट्टा होऊ शकेल. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांबद्दलही स्पष्ट बोलतो. त्यांतल्या अनेकांकडे स्वतःची सायकल आहेच. त्यांना भाड्याची सायकल नको, ट्रकपासून वेगळी वाट आणि कारखान्यात छप्पर असलेला सायकल स्टँड हवा. तिथल्या संघटनेने विचारले तर आम्ही हेच सांगू.

जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले. तिवंधा चौकातून गोदावरीकडे सायकल पाय न मारता उतरते, वर येताना मात्र धाप लागते. अशा ठिकाणी खालचे स्टँड भरतात, वरचे रिकामे होतात. पॅरिसला हाच त्रास झाला, तेव्हा त्यांनी २००८ मध्ये चढावरच्या स्टँडला सायकल आणून सोडणाऱ्याला १५ मिनिटे जादा फुकट द्यायला सुरुवात केली. उपाय साधा आहे आणि आपल्याकडेही करता येईल. घाटाजवळचे स्टँड पूररेषेच्या बाहेर हवेत. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पुरात कुठवर बुडतो हे नाशिककरांना कोणी सांगायला नको, पण निविदेच्या नकाशावर ती रेषा आखलेली असेलच असे नाही.

सिंहस्थाबद्दल आताच विचारणा होत आहे. २०२७ च्या पर्वण्या, म्हणजे कुंभमेळ्यातले मुख्य स्नानाचे दिवस, पावसाळ्यात आहेत आणि त्या दिवसांत रामकुंड परिसरात माणसांनाच जागा पुरत नाही. पर्वणीच्या मुहूर्तावर योजनेचे उद्घाटन करू नये, हा आमचा ठाम सल्ला. योजना आधी वर्षभर रोजच्या प्रवाशांवर मुरू द्यावी. पर्वणीत घाटाकडचे स्टँड बंद ठेवून त्या सायकली स्वयंसेवक आणि सफाई कर्मचाऱ्यांना देता येतील.

छोटा हत्ती आणि मिस्त्री

सकाळी अकरापर्यंत सीबीएसचा स्टँड रिकामा आणि कॉलेजचा भरलेला असेल, संध्याकाळी उलट. सायकली इकडून तिकडे नेणारी गाडी, म्हणजे आपला छोटा हत्ती, आणि त्यावरची दोन माणसे हा योजनेचा कणा आहे. खर्चाच्या अंदाजात ही ओळ छोटी दिसली तर आम्हाला धोक्याची घंटा ऐकू येते. पंक्चर, सैल चेन, फाटलेली सीट यांसाठी बाहेरून इंजिनिअर आणायची गरज नाही. आपल्याच शहरातले सायकल मिस्त्री कंत्राटावर घ्या. तासाच्या भाड्याची दुकाने बंद झाली, पण ते हात अजून आहेत.

निविदेत ठेकेदाराला सायकलींच्या संख्येवर पैसे देऊ नका, सेवेवर द्या. रोज सकाळी सातला किती सायकली चालत्या स्थितीत होत्या, कोणता स्टँड किती वेळ पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला राहिला, तक्रार किती तासांत मिटली, यावर बिल निघावे. प्रवाशांची अनामत वेगळ्या खात्यात राहावी. २०१८ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या सायकल कंपनीकडे अनामत परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती, तो प्रसंग आपल्या नागरिकांवर येऊ नये. प्रवासाची माहिती महापालिकेच्या मालकीची राहावी, आणि त्यात व्यक्तीची ओळख उघड होऊ नये.

भाड्यातून सगळा खर्च निघेल असे आम्ही कोणालाही सांगत नाही. बहुतेक शहरांत तो निघत नाही. पॅरिसमध्ये जाहिरातींचा आधार होता, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये बँकांच्या प्रायोजकत्वाचा. तूट कुठून भरायची हे स्थायी समितीत आधीच ठरलेले बरे. योजना नीट चालते की नाही हे बघायचा सोपा आकडा म्हणजे एका सायकलीच्या दिवसाला ४ ते ८ फेऱ्या. चारच्या खाली गेली तर सायकली पडून आहेत, आठच्या वर गेली तर लोकांना सायकल मिळत नाही.

आणि सायकल?

मधला दांडा नसलेली, म्हणजे साडी आणि सलवारवर चढता येईल अशी. पूर्ण चेनकव्हर, पुढे टोपली, सीट खालीवर होणारी, डायनॅमोवर चालणारा दिवा. स्टँडवर रात्री उजेड हवा, नाहीतर बायका संध्याकाळनंतर वापरणार नाहीत. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी कार्ड हवेच.

आम्ही कसे काम करतो

पहिल्या भेटीचे शुल्क नाही. त्या दिवशी आपल्या अभियंत्यांबरोबर आम्ही निवडलेल्या भागात पायी फिरतो, सकाळी आणि संध्याकाळी. पुढे तीन-चार महिन्यांत प्रवासाची मोजणी, स्टँडच्या जागा, खर्चाचा अंदाज आणि निविदेचा मसुदा देतो. फेरीवाले, रिक्षा संघटना आणि वाहतूक पोलिसांशी बोलणे या काळातच होते, कारण स्टँडची जागा बहुतेक वेळा आधीच कोणाची तरी असते. सुरू झाल्यावर पहिले सहा महिने आमचा एक माणूस आपल्या शहरात राहतो.

भेटीला येताना शहराचा प्रभागनिहाय नकाशा, बसमार्गांची यादी आणि पूररेषेचा नकाशा आणावा. आधी एखादी सायकल योजना बंद पडली असेल तर तिचे करारपत्रही आणा. वाचायला आम्ही तिथूनच सुरुवात करतो.