कॅरेनिन आणि शार्ल बोव्हारी: माफी एकच नव्हे

धंतोलीत आमचा वाचनगट बसतो. ‘अ‍ॅना कॅरेनिना’चा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘मादाम बोव्हारीचा नवराही तसाच ना, सगळं कळल्यावर माफ करणारा!’ दर वेळी मला राहवत नाही.

कॅरेनिन, म्हणजे अ‍ॅनाचा नवरा, तुम्हाला माहीतच आहे. शर्यतीत तिचा प्रियकर व्हरॉन्स्की घोडीवरून पडतो, अ‍ॅनाचा धीर सुटतो आणि परतताना बग्गीत ती स्वतःच नवऱ्याला हे प्रेमप्रकरण सांगून टाकते. तो आधी अब्रू सांभाळतो, वकील गाठतो आणि बाळंतपणाच्या तापात ती मरणाच्या दारात असताना विरघळतो. कॅरेनिन पीटर्सबर्गचा बडा अधिकारी, मादाम बोव्हारीचा नवरा शार्ल खेड्यातला साधा वैद्य. एक पुस्तक 1878 चं, दुसरं 1857 चं. हे फरक कोणालाही दिसतात.

शार्लला मात्र कोणीच काही सांगत नाही. त्याची बायको एमा आर्सेनिक खाऊन मेल्यावर त्याला कळतं आणि तेही दोनदा. आधी माळ्यावर सपातेखाली कागदाचा बोळा येतो. तिचा प्रियकर रोडॉल्फ याचं निरोपाचं पत्र, खाली सहीचं एकच अक्षर. सूर आदबीचा, म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की प्रेम नुसतं मनातलंच असेल. एमाच्या मेजाचा चोरकप्पा तर तो कितीतरी दिवस उघडतच नाही. उघडतो तेव्हा तिचा दुसरा प्रियकर लेऑं याची पत्रं हाती लागतात. मग एक डबा लाथेनं फोडतो, तर रोडॉल्फची तसबीर थेट तोंडावर येते. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत मी हे मोठ्यानं वाचलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, ‘म्हणजे याला आधीच माहीत होतं ना बाप्पा!’ होतंच. त्याला भोळसट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कप्पा उघडायला इतके दिवस लावणारा माणूस भोळा नसतो, तो घाबरलेला असतो.

कॅरेनिनची माफी अ‍ॅनापर्यंत पोचते. ती बरी होते आणि तिला ती माफीच सोसवत नाही. शार्लची पोचायची कुठे? घोडा विकायला बाजारात गेलेला तो रोडॉल्फसमोर बसून म्हणतो, तुमच्यावर राग नाही, दोष नशिबाचा. रोडॉल्फला ते हास्यास्पद वाटतं. दुसऱ्या दिवशी मांडवाखालच्या बाकावर शार्ल मरून पडलेला असतो, हातात केसांची बट. जेवायला बोलवायला आलेली लेक, बाबा खेळतायत समजून, त्याला हलकेच ढकलते. कॅरेनिन शेवटी तिला व्हरॉन्स्कीपासून झालेली मुलगी स्वतःच्या घरी नेतो.