गोधडी, वाकळ आणि वरचा नवा थर

गेलेल्या आईच्या किंवा आजीच्या साड्यांची गोधडी शिवून घेण्याची सध्या लाट आहे. साड्यांचं बोचकं शिवणाऱ्या बाईकडे जातं, गोधडी होऊन परत येतं आणि भाऊबहिणींत वाटलं जातं. या प्रथेचं मूळ मात्र आठवणींत नाही, टंचाईत आहे.

संस्कृतातली कंथा, हिंदीतली गुदडी ही याच घरातली नावं. बैरागी-गोसाव्यांच्या अंगावर तीच असे. मुंबईत 1856 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे मांजरपाट, म्हणजे गिरणीचं जाडंभरडं सुती कापड, खेड्यापाड्यांत पोचला, तरी फाटलेलं कापड टाकून द्यायची ऐपत थोड्यांचीच होती. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटरचं. चार घड्या घातल्या की माणसाच्या उंचीची गोधडी झाली. आत धोतरं, सदरे, झबली, जे असेल ते. उन्हाळ्यात शेत रिकामं झालं की ओट्यावर कापड पसरायचं आणि बायकांनी चारी बाजूंनी धावदोरा घालत यायचं. घट बसण्याआधी ती नदीवर धुवायची; ओली गोधडी पिळायला दोघं लागतात.

वरचं कापड विरलं की त्यावरच दुसरं लुगडं चढायचं. आमच्याकडच्या एका गोधडीचा कोपरा उसवला तेव्हा हिरव्या इरकलीखाली जांभळं पातळ निघालं, त्याखाली बारीक फुलांचं झबलं. आत्या म्हणाली, थोरल्याचं. आई म्हणाली, छे, जे लेकरू राहिलं नाही त्याचं. दोघींचा वाद अजून मिटलेला नाही.

खरा गुंता शब्दाचा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडे सर्रास वाकळ म्हणतात. काहींच्या मते वाकळ म्हणजे ठिगळांची, जाडीभरडी, अंथरायची; आणि गोधडी म्हणजे नेटकी, पांघरायची. ज्यांच्या घरी एकच होती आणि तीच खाली-वर चालायची, त्यांना हा भेद हास्यास्पद वाटतो. मलाही वाटतो. बाजाराने यातला गोधडी हा शब्द उचलला, वाकळ मागे राहिली. तिला गरिबीचा वास येतो म्हणून, दुसरं काय. आता तर नव्याकोऱ्या छापील सुती कापडाची, मशीनवर शिवलेली रजईसुद्धा गोधडी म्हणून विकली जाते. शिवणाऱ्या बायकांना त्यात वावगं वाटत नाही, कारण मजुरी मिळते. पण अंगावर वापरून मऊ झालेलं कापड नसेल तर तिला गोधडी का म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

मधल्या काळात गोधडी लाजेची वस्तू झाली होती. गिरणगावात पाळ्यांनी झोपणाऱ्या कामगारांच्या वळकटीत ती असायची. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कित्येकांना गाव गाठावं लागलं आणि वळकट्याही परत गेल्या. त्याच सुमारास घरोघर नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या घाम टिपत नाहीत, शिवताना सरकतात. पुढे मऊ लोकरी दिसणारी ब्लँकेटं स्वस्त झाली आणि गोधड्या माळ्यावर गेल्या.

आजच्या आठवणींच्या गोधडीची अडचणही तिथलीच. मागच्या पिढीतल्या बायकांच्या कपाटात सुती साड्या मोजक्याच निघतात. शिवणारी बाई बोचकं सोडून आधी कापड चिमटीत चोळून बघते, अर्ध्याअधिक साड्या बाजूला ठेवते आणि विचारते, "घरात नेसायच्या कुठायत?"