आधी गोठा, मग घर: चर्चमधल्या प्राणी-आशीर्वादाची पार्श्वभूमी

आमच्या मोहल्ल्यातल्या चर्चमध्ये ४ ऑक्टोबरच्या आसपासची एक संध्याकाळ जनावरांची असते. कुणी लॅब्राडोर आणतं, कुणी गल्लीतला देशी कुत्रा, एक मावशी पोपटाचा पिंजरा ओढणीने झाकून आणतात. फादर बायबलमधला उतारा वाचतात, प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात. नाकावर थेंब पडला की कुत्रं सगळं अंग झाडतं आणि पुन्हा मालकाच्या पायाशी येऊन बसतं. हा बाप्तिस्मा नव्हे. जनावरासाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी केलेली प्रार्थना आहे.

४ ऑक्टोबर हा इटलीतल्या संत फ्रान्सिस असिसीकरांचा सण. इंदूरचं लाल चर्च त्यांच्याच नावाचं आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात येतं? ते १२२६ मध्ये वारले. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं स्तोत्र त्यांनी रचलं. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी गव्हाणीजवळ खरेखुरे बैल आणि गाढव उभे केले. पाखरांना दिलेलं प्रवचन आणि गुब्बिओ गावचा माणसाळवलेला लांडगा या त्यांच्याविषयीच्या कथा.

पण जनावरांना आशीर्वाद देण्याची जुनी तारीख वेगळीच, १७ जानेवारी. हा इजिप्तच्या वाळवंटातले मठवासी संत अँथनी यांचा दिवस. त्यांच्या नावाचा एक सेवाभावी संघ अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये उभा राहिला. त्या काळी बुरशी लागलेलं राय (गव्हासारखं एक धान्य) खाल्ल्याने लोकांच्या हातापायांची आग होऊन ते सडायचे. ते रोगी हा संघ सांभाळायचा आणि डुकराच्या चरबीचा लेप लावायचा. संघाची डुकरं गळ्यात घंटी बांधून गावात मोकळी हिंडत. पुढे शेतकरी आपले बैल, खेचरं, घोडे त्या दिवशी चर्चच्या दाराशी आणू लागले.

हे वाचताना मला पोळाच दिसतो. रामबागेतल्या आमच्या घरी बैल कुठून असणार? आजी मातीच्या जोडीला हळद-कुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची. होळकरांच्या मल्हारी मार्तंडाजवळही घोडा आणि कुत्रा आहेतच.

शेतीतली जनावरं कमी होत गेली, तसा मान घरातल्या कुत्र्या-मांजरांकडे आला. १९३१ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत ४ ऑक्टोबर हा जागतिक प्राणी दिन ठरला. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत जाहीर केलं. माद्रिदच्या सान आंतोन चर्चसमोर १७ जानेवारीला आजही रांग लागते. त्या रांगेत आता बहुतेक कुत्री आणि मांजरं असतात.