जलप्रवाह आणि जलकीटक

नदीतला कोणता कीटक कुठे राहणार, श्वास कसा घेणार आणि काय खाणार, हे बऱ्याच अंशी पाण्याचा वेग ठरवतो. इंदूरकरांना याची दोन्ही टोके जवळच सापडतात. कान्ह (बोलण्यात खान) नदी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून संथपणे उत्तरेला क्षिप्रेकडे जाते, तर महूजवळ पाताळपाणीला चोरल सुमारे ३०० फूट कोसळून नर्मदेची वाट धरते.

खळाळत्या पाण्यात हवा सतत मिसळत असते, पण वाहून जाण्याची भीतीही तिथेच. दगडाला लगटून असलेला पाण्याचा पातळ थर मात्र घर्षणामुळे मंद असतो. किड्यांचा संसार त्यातच चालतो. मेफ्लाय या जलकीटकाच्या काही जातींची पिल्ले म्हणूनच भाकरीसारखी चपटी असतात. सिम्युलियम माशीची अळी दगडावर रेशमाची गादी चिकटवते, तिच्यात मागच्या टोकाचे आकडे रुतवते आणि डोक्यावरचे पंखे पसरून वाहत येणारे कण गाळून खाते. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या काही जातींच्या अळ्या तर दगडांच्या फटीत चक्क जाळी विणतात. जेवण प्रवाहाने ताटात आणून वाढायचे. तो थांबला की उपासमार.

संथ पाण्यातले बिऱ्हाड वेगळे. डासाची अळी श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून वरची हवा घेते. खळाळात तिचा टिकाव लागत नाही. सांडपाण्याच्या गाळात कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या वळवळतात. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि त्याच्या जोरावर त्या अत्यल्प प्राणवायूत तग धरतात. तेव्हा नुसते किडे दिसले म्हणून नदी निरोगी समजू नये. कोणते किडे, ते पाहावे.

कितीही घट्ट धरले तरी काही किडे वाहून जातातच, बहुधा रात्री. मग वरचा प्रवाह ओस का पडत नाही? पंख फुटलेल्या माद्या उगमाच्या दिशेने उडत जाऊन अंडी घालतात, असे जीवशास्त्रज्ञ कार्ल म्यूलर यांनी १९५४ मध्ये मांडले. सर्व जातींना ते लागू पडत नाही.

माळव्यातल्या नद्यांत हा वेग वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्यात पूर दगडच उलथवतो. तेव्हा वाळूगोट्यांच्या खोल फटींत दडलेली पिल्ले आणि अंडी वाचतात, त्यांतून वस्ती पुन्हा उभी राहते. उन्हाळ्यात पाताळपाणीची धार जेमतेम उरते. अशा वेळी नदीत मागे राहिलेले डोह चतुराच्या पिल्लांना मानवतात. गुदाशयातल्या कल्ल्यांनी ती श्वास घेतात आणि संकट आले की तिथलेच पाणी जोरात मागे फेकून पुढे सटकतात.