तापीकाठची मोजणी समुद्रात कशी पोचली

गावी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने, तो पहिल्यांदा विचारला होता आणि अजूनही पारावर कुणी ना कुणी विचारतंच, "समुद्रमा काय मोजस रे तू? तठे दगड कोठे गाडतस?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडे मोजणी म्हटली की तालुक्याहून भूकरमापक येणार, जुनं टिपण काढणार, बांधावरच्या खुणा शोधणार, दोन्हीकडचे भाऊबंद समोरासमोर उभे राहणार आणि शेवटी हद्दीचा दगड. समुद्रात बांध नाही, निंबाचं झाड नाही, चारी बाजूंनी सारखंच पाणी, आणि तरी तिथे कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं की रिगचा, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या सांगाड्याचा, पाय इथेच ठेवायचा, पाच मीटर तिकडे नाही, कारण तिकडे खाली पाईपलाईन आहे. ते सांगणारा माणूस म्हणजे ऑफशोअर सर्व्हेयर. मी चोपडा तालुक्यातला, बरेच सीझन हे काम केलंय, आणि आप्पांना उत्तर द्यायचं म्हणून जसजसं मागे मागे वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट आपल्या शेतातूनच सुरू करता येते.

इंग्रजांची रेव्हेन्यू सर्व्हे खानदेशात आली १८५२ च्या सुमाराला, आणि आपल्या लोकांनी ती गुपचूप मान्य केली नाही. सावदा, फैजपूर, एरंडोल या पट्ट्यात लोक हजारोंनी जमले, सर्व्हे बंद करा म्हणाले, शेवटी सरकारला फौज आणावी लागली. लोकांची भीती साधी होती, जमीन मोजली की सारा वाढणार. तरी मोजणी झालीच, आणि ती ज्या साखळीने झाली तिची लांबी ३३ फूट, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आजही आपण बोलतो ते सगळं त्या साखळीतून आलंय. मला त्या १८५२ च्या लोकांचा राग समजतो, कारण कागदावर पडलेला आकडा माणसाच्या आयुष्यात किती खोल जातो हे आपल्या भागात प्रत्येक घराला माहितीये.

पण शेत मोजणं वेगळं आणि देश मोजणं वेगळं. देश मोजायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं, १८०२ मध्ये मद्रासजवळ, विल्यम लॅम्बटनने. पद्धत अशी की एक बाजू साखळीने अगदी काटेकोर मोजायची आणि मग नुसते कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला वारला, काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. या सगळ्या त्रिकोणांचं गणित करायचं तर पृथ्वीचा आकार काय धरायचा हे ठरवावं लागतं, कारण ती पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे. एव्हरेस्टने १८३० मध्ये जो आकार धरला त्यात विषुववृत्ताकडची त्रिज्या साधारण ६३,७७,२७६ मीटर होती. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे थेट समुद्रात आपल्याला भेटणार आहे.

आता खोली. आपल्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात, सात परस, दहा परस, म्हणजे माणसाच्या उंचीवरून काढलेलं माप. दर्यावर तेच काम वावेने व्हायचं, दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. दोरीला शिशाचं वजन बांधून सोडायचं, बुडाला लागलं की दोरी किती गेली ते मोजायचं. वजनाच्या बुडाला खोबण असायची, तिच्यात चरबी भरायची, म्हणजे खालची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येतो आणि तळ कसा आहे तेही कळतं. शेकडो वर्षं समुद्राचे नकाशे असेच एकेका टिपक्याने भरले गेले. आणि दोन टिपक्यांच्या मधे काय आहे? ते कुणालाच माहीत नसायचं. मधे खडक असला तर तो बोट आपटल्यावरच कळायचा.

इंग्रजांनी कलकत्त्याला मरीन सर्व्हेचं खातं काढलं १८७४ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ते काम नौदलाकडे गेलं आणि १९५४ पासून त्याचं ऑफिस डेहराडूनला आहे, समुद्रापासून इतकं लांब, डोंगराच्या पायथ्याशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. आपल्या देशाचे अधिकृत सागरी नकाशे तिथूनच निघतात.

दोरी सुटली ती आवाजामुळे. १९१२ ला टायटॅनिक बुडालं आणि हिमनग आधी कसा ओळखायचा यावर बऱ्याच लोकांनी डोकं लावलं. जर्मनीत बेम नावाचा माणूस, अमेरिकेत फेसेंडन, दोघांनीही पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकायचा प्रयोग केला. हिमनगापेक्षा ही युक्ती तळ मोजायलाच जास्त कामाला आली, आणि १९२५ ते २७ मध्ये मेटिओर या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये हजारो ठिकाणची खोली अशी आवाजाने मोजली. हिशोब सोपा आहे, समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ७५ मीटर पाणी असेल तर जाऊन परत यायला एक दशांश सेकंद. पण "साधारण" या शब्दातच आमचा निम्मा पगार आहे. पाणी गरम झालं, खारटपणा बदलला की आवाजाचा वेग बदलतो, वेग बदलला की खोली चुकते, म्हणून आम्ही काम सुरू करायच्या आधी आणि मधेमधे एक यंत्र तळापर्यंत सोडून प्रत्येक थरातला वेग मोजून घेतो. आज मल्टीबीम एका झटक्यात शेकडो ठिकाणची खोली घेतं, साईड स्कॅन तळाचं चित्र काढतं, सब-बॉटम प्रोफायलर चिखलाच्या खालचे थर दाखवतं. हे सगळं असलं तरी वेगाचा आकडा चुकला की सगळंच चुकलं.

आपल्याकडे हे काम वाढलं तेलामुळे. ओएनजीसी, म्हणजे तेल-गॅस शोधणारी सरकारी संस्था, १९५६ मध्ये सुरू झाली, मग साठच्या दशकात अकॅडेमिक अर्खांगेल्स्की नावाच्या रशियन जहाजाने खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोर सिस्मिक सर्व्हे केला, म्हणजे तळाखाली लहरी सोडून थर बघितले, त्यात मुंबईसमोरचा तो मोठा फुगवटा दिसला. १९७० मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेटला पहिली समुद्री विहीर खोदायला घेतली. मग जपानमध्ये बांधलेली सागर सम्राट ही रिग आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याच फुगवट्यावर, म्हणजे बॉम्बे हायला, तेल लागलं, दोन वर्षांत, मे १९७६ ला, उत्पादन सुरू. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या पुढे, पाणी ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे चाळीसेक वाव. तिथून उरणपर्यंत समुद्राच्या तळावरून पाईपलाईन टाकली. आता तळावर पाईपलाईनींचं असं जाळं आहे की नवीन काही ठेवायचं म्हटलं की आधी सर्व्हे, रिग हलवायची म्हटली की सर्व्हे, बार्जने, म्हणजे कामाच्या सपाट बोटीने, अँकर टाकायचा म्हटलं तरी सर्व्हे. जॅक-अप, म्हणजे पाय तळावर टेकवून उभ्या राहणाऱ्या, रिगचे पाय चिखलात मोठे खड्डे पाडून जातात, पुढची रिग त्याच जागी जरा सरकून उभी राहिली की पाय जुन्या खड्ड्यात घसरतो, म्हणून जुने खड्डेसुद्धा आम्ही नकाशात जपून ठेवतो.

पण किनारा दिसत नाही तिथे "इथे" म्हणजे कुठे? जुने सिनियर लोक सांगायचे, त्या काळी किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर तंबू ठोकून रेडिओ स्टेशन लावायचे, बॅटऱ्या डोक्यावरून चढवायच्या, बोटीवरचा रिसिव्हर त्या दोन-तीन स्टेशनांच्या लहरी जुळवून जागा काढायचा. संध्याकाळ झाली की वातावरणातून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी घोळ घालायच्या, मोजणी एका पट्ट्यावरून शेजारच्या पट्ट्यावर उडी मारायची आणि बोट होती तिथेच असून कागदावर भलतीकडे जायची, मग परत एखाद्या माहितीच्या प्लॅटफॉर्मजवळ जाऊन शून्यापासून सुरुवात. ट्रान्झिट नावाचे अमेरिकन उपग्रह १९६७ पासून सगळ्यांना वापरायला मिळाले, पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच जागा मिळायची, मधे तासभर किंवा जास्त थांबायचं. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ चा, पूर्ण व्यवस्था १९९५ ची, आणि तरीही अमेरिका मुद्दाम त्यात चूक मिसळायची, शंभरेक मीटरपर्यंतची. ती मे २००० मध्ये बंद केली. त्याआधी डिफरन्शियलची सोय आली म्हणून आमचं काम चाललं, म्हणजे ज्याची जागा पक्की माहितीये अशा ठिकाणी एक रिसिव्हर ठेवायचा, त्याला किती चूक दिसते ती बोटीला कळवायची, बोटीने तेवढी वजा करायची.

आणि इथे तो १८३० चा आकडा परत येतो. जीपीएस ज्या पृथ्वीवर चालतं तिची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरलीये, एव्हरेस्टच्या पृथ्वीपेक्षा ८६१ मीटर जास्त, आणि दोन्हींचे मध्यबिंदूही वेगळे. आपल्याकडचे जुने नकाशे, जुन्या विहिरी, जुन्या पाईपलाईनी एव्हरेस्टवर बसवलेल्या. एकच अक्षांश-रेखांश या दोन पृथ्वींवर ठेवले तर मुंबईच्या आसपास जागा शंभर मीटरच्या वर सरकते. माझ्या चौथ्या सीझनला हे माझ्या डोळ्यासमोर घडलं. एका कामात पाईपलाईनची जी यादी हातात आली तिच्यावर कुठला डेटम, म्हणजे आकडे कुठल्या पृथ्वीवर बसवलेत, ते लिहिलंच नव्हतं, कुणीतरी धरून चाललं की जीपीएसचाच असणार, आणि रात्री दोनच्या शिफ्टला पहिली साईड स्कॅन लाईन चालवली तर पाईप जिथे पाहिजे तिथे नाहीच. अर्ध्या तासाने दिसला, शंभर-सव्वाशे मीटर बाजूला. सकाळी बार्ज तिथे अँकर टाकणार होता. पार्टी चीफला, म्हणजे आमच्या सर्व्हे टीमच्या प्रमुखाला, उठवलं, काम थांबवलं, जुने कागद मागवले, तेव्हा खुलासा झाला. त्या रात्रीपासून कुठलाही आकडा हातात आला की मी पहिल्यांदा डेटम विचारतो, समोरचा चिडला तरी विचारतो.

बाकी रोजचं काम सांगायचं तर बारा तासांची शिफ्ट, जुहूहून हेलिकॉप्टरने किंवा बोटीने जाणं, त्यासाठी आधी पाण्यात उलट्या होणाऱ्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून बहुतेक बांधकाम बंद, सीझन पावसाळ्यानंतर ते मेपर्यंत. म्हणजे कपाशी लावायच्या वेळेला मी घरी आणि वेचणीला समुद्रात. मे महिना सगळ्यात वाईट, काम संपवायची घाई असते आणि अरबी समुद्रात वादळं पण तेव्हाच. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज अँकर तुटून वाहत गेला आणि बुडाला, सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कित्येक दिवस आई फोन ठेवायला तयार नसायची.

आप्पांना मात्र सगळ्यात जास्त आवडली ती तापीची गोष्ट. आपली तापी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत उकाईला जाते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखासमोरच्या समुद्रात ओएनजीसीला गॅस सापडला आणि त्या फील्डला नाव दिलं ताप्ती, मिड ताप्ती आणि साऊथ ताप्ती. नव्वदच्या दशकात ती कंत्राटाने ओएनजीसी, रिलायन्स आणि परदेशी कंपनीच्या भागीदारीत गेली. पाणी तिथे उथळ, पण काम अवघड. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो, ओढ जोरदार, आखाताच्या तोंडाशी वाळूचे लांबच लांब उंचवटे, आणि ते जागेवर राहत नाहीत. सकाळी मोजलेली खोली आणि दुपारी मोजलेली खोली यात दोन मजल्यांचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक आकड्यातून त्या क्षणाची भरती वजा करावी लागते.

गॅस संपत आल्यावर गेल्या काही वर्षांत तिथले पाच वेलहेड प्लॅटफॉर्म, म्हणजे विहिरींच्या तोंडावरचे सांगाडे, उचलून काढले, भारतातलं या प्रकारचं ते पहिलं काम. अशा कामात प्लॅटफॉर्म गेल्यावरसुद्धा सर्व्हेयरला परत जावं लागतं, तळावर एखादा पाईपचा तुकडा, साखळी, काही राहिलंय का ते बघायला, कारण नंतर तिथे मच्छीमारांची जाळी फिरणार असतात. आप्पांनी हे सगळं ऐकलं, थोडा वेळ गप्प बसले आणि विचारलं, "मंग तठे आते काय से?" मी म्हटलं चिखल, आपल्याच नदीचा.